गांजाला विरोध करायचा, पण नेमका कशाला?

या वेळी पेडणे, बार्देश आणि डिचोलीच्या पत्रांचा भरणा आहे. बहुतेक पत्रं आईवडिलांची आणि देवस्थान-चर्चच्या कामात असलेल्यांची. एक मात्र कॉलेजच्या विद्यार्थ्याचं आहे आणि त्याला या विरोधाचाच राग आहे. तेही घेतलं आहे. पत्रं थोडी छाटली आहेत, नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : गोव्यात गांजाची लागवड कायदेशीर होणार, असं अधूनमधून कानावर येतं. आमच्या भजनी मंडळाने येत्या सप्ताहात विरोधाचा ठराव घ्यायचं ठरवलंय. मसुदा कसा करावा? (डिचोली)

उत्तर : मसुद्याला हात घालण्याआधी विरोध कशाला आहे ते एका ओळीत लिहून बघा. ती ओळ जमली नाही तर ठराव सरकारी फायलीत जाऊन झोपतो.

लागवडीच्या नावाखाली तीन निरनिराळी कामं येतात. एक, औषधासाठी लागवड. दोन, धागा आणि बियांसाठी लागवड. तीन, चैनीसाठी खुली विक्री. १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, या तिन्हींना वेगवेगळं वागवतो. कलम ८ ने वैद्यकीय आणि शास्त्रीय कारण सोडून बाकी सगळ्याला बंदी आहे. कलम १० प्रमाणे झाडाच्या लागवडीला परवानगी देण्याचा आणि त्यावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार राज्याकडे आहे, चरस मात्र त्यातून वगळलेला. कलम १४ धागा, बी आणि बागायतीसाठी आहे. त्याच वाटेने उत्तराखंडने २०१८ मध्ये औद्योगिक भांगेची लागवड सुरू केली, आणि झाडात टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, ०.३ टक्क्यापेक्षा जास्त नको अशी अट घातली. चैनीच्या विक्रीला मोकळीक देणं गोवा सरकारच्या हातातच नाही. त्यासाठी संसदेत कायदा बदलावा लागेल.

डिसेंबर २०२० च्या अखेरीस गोव्यात गाजलेला प्रस्ताव पहिल्या प्रकारातला, औषधी लागवडीचा होता. कायदा खात्याने तो तपासून पुढे पाठवल्याची बातमी आली, विरोधकांनी सरकारला धारेवर धरलं आणि विषय मागे पडला. त्या वेळच्या निवेदनांत 'गोव्याचं अ‍ॅमस्टरडॅम होऊ देणार नाही' यासारखी वाक्यं होती. ऐकायला छान, पण प्रस्तावाला लागू नव्हती. असं निवेदन आलं की अधिकारी 'प्रस्ताव फक्त औषधासाठी आहे, गैरसमज नसावा' एवढं एका ओळीचं उत्तर देऊन मोकळा होतो.

म्हणून ठराव एका पानाचा करा आणि मागण्या तीनच ठेवा. राज्याने कलम १० खाली नियम करायचे ठरवले तर मसुदा आधी जाहीर करून हरकतींना मुदत द्यावी. असे नियम कलम ७८ प्रमाणे विधानसभेपुढे ठेवावेच लागतात. म्हणजे आमदाराला बोलायला जागा असते, तेव्हा आमदाराला आधीच गाठा. दुसरी मागणी कुंपणाची : शेताभोवती पहारा कोणाचा, पीक कापल्यावर वजन कोण घेणार, नापास झालेलं पीक कोणासमोर जाळणार, हे नियमात नसेल तर परवानगी देऊ नये. औषधाच्या नावाखाली माल बाहेर फुटतो तो इथेच. आणि धाग्यासाठी लावलेलं ०.३ टक्क्याचं झाड उन्हामुळे, बियाण्यामुळे किंवा कापणी लांबल्यामुळे मर्यादेबाहेर जातं, मग शेतकऱ्याने करायचं काय? नष्ट केलं तर नुकसान, ठेवलं तर गुन्हा. तिसरी मागणी उपचारांची : प्रत्येक तालुक्यात उपचाराची सोय असावी आणि कलम ६४अ पोलीस चौकीत फलकावर लावावं. हे कलम काय आहे ते खाली म्हापशाच्या पत्रात सविस्तर आहे.

ठराव मुख्यमंत्र्यांच्या नावे पाठवून निवेदन देतानाच्या फोटोवर समाधान मानू नका. आरोग्य संचालनालय आणि कायदा खातं या दोघांना प्रती द्या, आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्या, आणि महिनाभराने दहा रुपये भरून माहिती अधिकारात विचारा : अमुक आवक क्रमांकाच्या निवेदनावर काय कार्यवाही झाली, सध्या असा कोणता प्रस्ताव विचाराधीन आहे का. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. नाही आलं तर पहिलं अपील.

ग्रामसभेतही विषय घ्या. गोव्यात नेहमीच्या ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमधल्या रविवारी होतात. ऐनवेळी उठून बोललं तर इतिवृत्तात 'चर्चा झाली' एवढंच येतं. विषय आधी सचिवाकडे लेखी द्या, पोच घ्या, आणि ठरावाचे शब्द टाईप करूनच न्या.

प्रश्न : मुलगा सतरा वर्षांचा, उच्च माध्यमिकला आहे. कपाटात बोटभर पुडीत हिरवट सुकी फुलं आणि लांबट पातळ कागद सापडले. ह्यांना सांगितलं तर मारतील. पोलिसांत जाऊ, की देवापुढे नेऊन शपथ घ्यायला लावू? (म्हापसे)

उत्तर : ताई, आज दोन्ही नको.

पुडी पुरावा म्हणून जपून ठेवू नका, आणि डॉक्टरांना दाखवायला पर्समध्ये घालून बांबोळीच्या इस्पितळात तर मुळीच नेऊ नका. डॉक्टरांना ती लागत नाही, आणि वाटेत ती तुमच्याकडे सापडली तर तुमच्या ताब्यात होती असं होतं. सोबत छोटा वजनकाटा, एकसारख्या रिकाम्या पुड्या किंवा हिशोबाची वही असेल तर मामला ओढण्यापुरता नाही. तेव्हा त्याच दिवशी वकिलाशी बोला.

बोलायला वेळ निवडा. मुलगा नशेत असताना नको, वडील दाराशी असताना नको. 'मला हे सापडलं, मला भीती वाटली' एवढं सांगून थांबा. मग विचारायचं ते असं : कधीपासून, आठवड्यातून किती वेळा, एकटा की मित्रांत, सकाळी उठल्याउठल्या लागतो का, तंबाखू मिसळून की नुसता. शेवटचा प्रश्न बिनमहत्त्वाचा वाटतो, पण तंबाखू मिसळत असेल तर सोडताना निकोटीनची तलफही येते आणि बिचाऱ्याला कळत नाही की आपल्याला नेमकं काय हवंय. महिन्यातून एकदा मित्रांत ओढणारा आणि रोज सकाळी एकटा ओढणारा, दोघांचे उपाय वेगळे.

काही खुणा दिसल्या तर मात्र थांबायचं नाही : दोन-तीन रात्री झोप नाही, कोणीतरी पाळत ठेवतंय असं बोलणं, एकट्याने हसणं-पुटपुटणं, किंवा घराण्यात कुणाला वेड लागल्याचा इतिहास आणि वर हे व्यसन. त्याच दिवशी बांबोळीच्या मनोविकार आणि मानवी वर्तन संस्थेत न्या. २०१९ मध्ये 'लॅन्सेट सायकायट्री'त आलेल्या, युरोपातली शहरं आणि ब्राझील मिळून केलेल्या पाहणीत रोज जहाल गांजा ओढणाऱ्यांत मनोविकृतीची शक्यता न ओढणाऱ्यांच्या जवळजवळ पाचपट आढळली. तिथे जहाल म्हणजे १० टक्के किंवा अधिक टीएचसी. ओढणारा प्रत्येक जण वेडा होतो असा याचा अर्थ नाही, आणि मुलाला तसं सांगूही नका. त्याने तसं झालेलं पाहिलेलं नसतं, मग तुमची बाकीची खरी गोष्टही तो ऐकत नाही. पोटात मळमळ, पुन्हा पुन्हा उलट्या आणि गरम पाण्याने अंघोळ केली की बरं वाटणं, हेही दीर्घकाळ ओढण्याचं लक्षण असतं. घरचे पित्ताची औषधं देत बसतात.

शपथेचं : रोज ओढणाऱ्याने सोडलं की पहिल्या एक-दोन दिवसांत चिडचिड, झोप उडणं, अन्नावरची वासना जाणं, विचित्र स्वप्नं सुरू होतात. दुसऱ्या ते सहाव्या दिवसात त्याचा जोर सर्वांत जास्त असतो, आणि दोन-तीन आठवड्यांत उतरत जातो. शपथ नेमकी पहिल्या दिवशी घ्यायला लावली तर ती चौथ्या दिवशी मोडते, आणि मग मुलगा गांजा सोडण्याऐवजी तुमच्यापासून लपायला शिकतो. महिनाभर कोरडा राहिला, आणि स्वतःला वाटलं, तर ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवायला कोणाची ना नाही. तोपर्यंत रात्री लवकर जेवण, दुपारनंतर चहा-कॉफी बंद, संध्याकाळी त्या मित्रांची वेळ असते तेव्हा दुसरं काम. गांजाच्या सवयीवर खास असं मान्यताप्राप्त औषध नाही. समुपदेशन हाच मुख्य उपचार. झोपेसाठी डॉक्टर काही देतील ते त्यांच्या हातून, शेजारच्या फार्मसीतून नाही.

औषधाच्या दुकानात लघवी तपासायच्या पट्ट्या मिळतात. त्या वापरायच्याच तर वाचायला शिका. 'सी' आणि 'टी' दोन्ही रेषा दिसल्या तर नशा नाही, आणि 'टी'ची रेषा पुसट असली तरी ती आहेच असं धरायचं. फक्त 'सी' दिसली तर टीएचसी सापडलं. कित्येक घरांत पुसट रेषेवरून रणं माजतात. शिवाय अधूनमधून ओढणाऱ्याच्या लघवीत तीन-चार दिवस आणि रोज ओढणाऱ्याच्या लघवीत सोडल्यावरही महिनाभर अंश सापडू शकतात. म्हणजे पट्टी आजचं सांगत नाही. मुलाला न सांगता तपासणी करू नका. आठवड्यातून एकदा, त्याच्याशी ठरवून, पुरे.

आता एनडीपीएस कायदा. गांजाची 'अल्प मात्रा' १ किलोपर्यंत आणि 'व्यापारी मात्रा' २० किलोपासून. चरसासाठी १०० ग्रॅम आणि १ किलो. अल्प मात्रेला जास्तीत जास्त एक वर्ष कैद किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. ओढण्याला कलम २७ खाली सहा महिन्यांपर्यंत. पण शिक्षा थोडी म्हणून जामीन पोलीस चौकीतच मिळेल असं धरू नका. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये या कायद्याखालचे सगळे गुन्हे अजामीनपात्र ठरवले, आणि गोवा त्याच न्यायालयाखाली येतो. तुमचा मुलगा अठराच्या आतला असल्याने त्याला बाल न्याय कायदा लागू. अल्प मात्रेचा गुन्हा तिथे किरकोळ गणला जातो, त्याला कोठडीत ठेवता येत नाही, बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. आणि त्याला ज्याने हे दिलं किंवा ज्याने त्याच्या हातून पुड्या पोचवल्या, त्याला त्याच कायद्याच्या कलम ७७ आणि ७८ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. पोलिसांकडे जायचं तर हे नाव घेऊन जा, मुलाचं नाही.

एनडीपीएसचं कलम ६४अ फार थोड्या घरांना ठाऊक असतं. व्यसनी माणूस सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत आपणहून उपचाराला गेला आणि उपचार पूर्ण केले, तर सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत काढून घेता येते. म्हणून केसपेपर, प्रत्येक भेटीची नोंद, शेवटचं प्रमाणपत्र जपून ठेवा, आणि संस्था मान्यताप्राप्त आहे का हे आधी विचारा. दाखल करायची वेळ आलीच तर मानसिक आरोग्य कायदा, २०१७ प्रमाणे अल्पवयीन मुलासाठी अर्ज पालकाने करायचा असतो, दोन तज्ज्ञांनी त्याला वेगवेगळं तपासायचं असतं, मोठ्या रुग्णांपासून वेगळी जागा द्यायची असते आणि पालकाने सोबत राहायचं असतं. 'आमच्याकडे सोडा आणि तीन महिने भेटायला येऊ नका' म्हणणाऱ्या खासगी केंद्रापासून चार हात दूर राहा. साखळीने बांधणं त्याच कायद्याने गुन्हा आहे, मग ते किती का देवाचं नाव घेऊन चाललेलं असेना.

फोनवर बोलायचं तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मदतवाहिनी. मन खचल्याचं, जीव नकोसा झाल्याचं बोलत असेल तर १४४१६.

आणि वडील. त्यांना आज ना उद्या कळणारच. डॉक्टरांच्या पहिल्या भेटीला त्यांनाच बरोबर न्या आणि बातमी तिथे कळू द्या.

प्रश्न : भांग शंकराची, शिवरात्रीला घेतात. मग आपण हिंदूंनी गांजाला कोणत्या तोंडाने विरोध करायचा? मुलंच विचारतात. (हरमल)

उत्तर : मुलांचा प्रश्न रास्त आहे, तो हसण्यावारी नेऊ नका.

कायद्याने पान वेगळं आणि फूल वेगळं धरलं आहे. गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, चरस म्हणजे राळ. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया एनडीपीएसच्या व्याख्येत येत नाहीत. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातली व्याख्याही अशीच आहे, आणि पानांची भांग त्यामुळेच या कायद्यातून सुटते. तिच्यावर राज्यांचे अबकारी नियम चालतात.

परंपरेचा आधार घेणारे १८९३-९४ च्या भांग-गांजा आयोगाचंही नाव घेतात. ब्रिटिशांनी नेमलेल्या त्या आयोगाने हजाराहून अधिक साक्षी घेतल्या आणि बेताने घेतलेल्याचा विशेष अपाय नाही, अतिरेकाने होतो, असा निष्कर्ष काढला. हे खरं आहे, नाकारू नका. मात्र त्या काळचा माल आणि आजचा माल एक नाही. अमेरिकेत जप्त होणाऱ्या गांजात १९९५ मध्ये ४ टक्क्यांच्या आसपास टीएचसी असे, २०१४ पर्यंत ते १२ टक्क्यांच्या घरात गेलं. आपल्याकडे किनाऱ्यावर आणि विमानतळांवर पकडला जाणारा, दिव्यांखाली पाण्यात वाढवलेला 'हायड्रो' या जहाल वाणांतलाच.

आणि गंमत बघा, आपला कायदा फक्त वजन बघतो. रानातला पालापाचोळ्यासारखा गांजा १ किलोपर्यंत अल्प मात्रा आणि हायड्रोही १ किलोपर्यंत अल्पच. एका सिगारेटीत अर्धा ग्रॅम धरला तरी त्याच्या दोन हजार सिगारेटी होतात. ही मर्यादा १९ ऑक्टोबर २००१ च्या अधिसूचनेची आहे. विरोध करणाऱ्यांनी केंद्राकडे काही मागायचंच असेल तर जहालपणाप्रमाणे मात्रा बदला हे मागावं. त्याबद्दल कोणीच बोलत नाही.

धर्माच्या अंगाने म्हणाल तर हिंदूंत एकच गादी नाही. शिवरात्रीची भांग आहे, तशी वारकऱ्याची तुळशीची माळही आहे, आणि माळ घातलेल्याने नशापाणी सोडायचं हा रिवाज सत्तरी-डिचोलीच्या घरांत आजही पाळला जातो. मुलांशी बोलताना शंकराला मध्ये आणण्यापेक्षा हे घर काय पाळतं ते सांगा.

प्रश्न : आमची पॅरिश आणि शेजारच्या देवस्थानची समिती मिळून जागृतीसभा घेणार आहोत. सभा देवळाच्या सभामंडपात घ्यावी की चर्चच्या आवारात, यावर अडलंय. शिवाय आमच्यातले काही म्हणतात, चर्चची भूमिका मऊ झाली आहे. (फोंडा)

उत्तर : चर्चची भूमिका मऊ झालेली नाही. कॅथलिक चर्चच्या अधिकृत धर्मशिकवणीच्या ग्रंथात, २२९१ व्या परिच्छेदात, उपचाराचं कारण सोडून अमली पदार्थांचं सेवन हा गंभीर अपराध म्हटलं आहे. पोप फ्रान्सिस यांनी २० जून २०१४ रोजी रोममध्ये अमली पदार्थविरोधी अधिकाऱ्यांपुढे बोलताना तथाकथित 'सौम्य' पदार्थांना कायदेशीर करण्याच्या प्रयोगांनाही विरोध केला. औषधाचा अपवाद मात्र त्या परिच्छेदातच आहे, तो वगळून वाचू नका. त्या पोपनी व्यसनी माणसाला हाकलून देऊ नका हेही तितक्याच वेळा सांगितलं होतं.

जागेचं. १९८८ चा धार्मिक संस्थांच्या गैरवापराला आळा घालणारा कायदा देऊळ, चर्च, मशीद सगळ्यांना लागू आहे. धर्मस्थळाच्या जागेत किंवा त्याच्या पैशातून राजकीय स्वरूपाच्या प्रश्नावर सभा, मिरवणूक, निधी-संकलन करता येत नाही. डॉक्टर येऊन व्यसनाची लक्षणं सांगतात ही जागृती झाली. 'अमुक विधेयक पाडा, अमुक आमदाराला जाब विचारा' म्हटलं की ती राजकीय सभा होऊ शकते. तेव्हा आरोग्याचा भाग सभामंडपात किंवा पॅरिश हॉलमध्ये, आणि कायद्याचा भाग व सह्यांची मोहीम पंचायत सभागृहात किंवा शाळेत घ्या. देवस्थानचा पैसा खर्चायचा तर महाजनांच्या, म्हणजे देवस्थानच्या सभासदांच्या, सभेत मंजुरी आणि अंदाजपत्रकात नोंद हवी, नाहीतर मामलेदाराकडे तक्रार जायला वेळ लागत नाही. परदेशातल्या गोंयकारांनी पैसे देऊ केले तर आधी परदेशी देणग्यांच्या कायद्याची नोंदणी आहे का बघा. निवडणुकीच्या तोंडावर धर्माच्या नावाने मतं मागणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खाली भ्रष्टाचार ठरतो, त्या भानगडीतही पडू नका.

सभा फसते ती मात्र दुसऱ्याच कारणाने. व्यासपीठावर पाच जण, प्रत्येकाची वीस मिनिटं, समोर फक्त आया. मुलगे बाहेर बाईकवर. एक डॉक्टर, एक वकील, प्रत्येकी पंधरा मिनिटं आणि उरलेला वेळ चिठ्ठ्यांवरच्या निनावी प्रश्नांना द्या. परप्रांतीयांना किंवा विदेशी पर्यटकांना शिव्या घालणारा वक्ता असेल तर त्याला आधीच आवरा. गावातलीच पोरं विकतात हे समोर बसलेल्या निम्म्यांना माहीत असतं.

प्रश्न : बुजुर्गांना फेणी चालते, कॅसिनो चालतात, फक्त गांजा बोचतो. थायलंडने मोकळीक दिली आणि पर्यटन वाढलं. गोव्याने महसूल का सोडावा? (पर्वरी, महाविद्यालयीन विद्यार्थी)

उत्तर : फेणीचा टोमणा रास्त आहे. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या एम्सच्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे देशात १४.६ टक्के लोक दारू पितात, भांग-गांजा-चरस घेणारे २.८ टक्के, आणि त्यातल्या सुमारे ७२ लाखांना गांजाच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. दारूने त्रासलेले ५.७ कोटी. राज्यघटनेचं ४७ वं कलमही दारू आणि घातक अमली पदार्थ एकाच वाक्यात घेतं. गांजाविरोधी सभेनंतर आयोजकच बारमध्ये जाऊन बसले तर तुमच्यासारख्यांनी हसावंच.

पण दारूच्या या आकड्यातून निघणारा धडा उलटा आहे. जी वस्तू दुकानात, जाहिरातीसह, नाक्यानाक्यावर मिळते ती अधिक लोक घेतात आणि तिचा मार खाणारेही वाढतात. महसूल बुडवणं नंतर कुठल्याच सरकारला झेपत नाही, हे गोव्यात कॅसिनोंनी शिकवलं आहे.

थायलंडचं अर्धंच सांगितलंत. ९ जून २०२२ रोजी त्यांनी गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, विक्रीचा कायदा मात्र तयार नव्हता. हजारो दुकानं उघडली. तीन वर्षांनी, जून २०२५ मध्ये, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्रीला पुन्हा बंदी आणावी लागली. आधी दार उघडायचं आणि नंतर कुलूप शोधायचं, असा तो प्रकार.

तुमचा एक मुद्दा आम्हाला पटतो, जरी तुम्ही तो स्पष्ट मांडलेला नाही : ओढणाऱ्या पोरावर गुन्हा दाखल होऊन त्याचा पासपोर्ट आणि नोकरी अडकणं यात कुणाचंच भलं नाही. त्याचा उपाय कलम ६४अ पोलीस चौकीत फलकावर लावणं आणि प्रत्येक तालुक्यात उपचाराची सोय असणं. विक्रीचा परवाना हा त्याचा उपाय नव्हे.

प्रश्न : अमेरिकेत माझा भाऊ चर्चच्या एका कुटुंब-संघटनेत आहे. ते लोक गांजाच्या कायद्याविरुद्ध मतदान घडवून आणतात. तशी चळवळ इथे करता येईल? (मडगाव)

उत्तर : जशीच्या तशी नाही. तिथे अनेक राज्यांत लोक थेट कायद्यावर मत देतात, आपल्याकडे ती सोय नाही. कोलोरॅडोत ६ नोव्हेंबर २०१२ रोजी जनमतानेच गांजा खुला झाला, 'फोकस ऑन द फॅमिली' या मोठ्या ख्रिस्ती कुटुंब-संघटनेचं मुख्यालय त्याच राज्यात असूनही. फ्लोरिडात नोव्हेंबर २०२४ मध्ये सुमारे ५६ टक्के मतं खुलं करण्याच्या बाजूने पडली, पण ६० टक्क्यांची अट असल्याने प्रस्ताव पडला. बहुमत गमावूनही विरोधक जिंकले ते नियमामुळे. भावाला विचारायचं असेल तर त्यांची पत्रकं मागू नका, ती तिथल्या निवडणुकीसाठी असतात. कायदा झाल्यावरही कोलोरॅडोतल्या पालिकांना आपल्या हद्दीत दुकान नाकारता येत होतं, ते त्यांनी कसं वापरलं ते विचारा. इथे उद्या काही बदललंच तर पंचायतीला तेवढा तरी नकाराधिकार हवा, ही मागणी आजपासून करण्यासारखी आहे.

प्रश्न : बाजारात 'हेम्प'च्या बियांचे लाडू आणि तेल आलं आहे. नशा होते का? (वाळपई)

उत्तर : नाही. भांगेच्या बी, तेल आणि पिठाला केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये अन्न म्हणून मान्यता दिली. बियांत टीएचसी किलोमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. पाकिटावर परवाना क्रमांक बघा. 'विजया' म्हणून ऑनलाइन विकलं जाणारं पानांचं औषध मात्र वेगळं, ते वैद्याच्या देखरेखीखालीच. बियांच्या लाडवाविरुद्ध मोर्चा काढून चळवळीचं हसू करून घेऊ नका.

प्रश्न : वाड्यावरच्या एका भाड्याच्या खोलीत विक्री चालते हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरुणांनी मिळून धाड घालायचं ठरवलंय. चालेल? (मोरजी)

उत्तर : नको. झडतीचा अधिकार कायद्याने ठरलेल्या अधिकाऱ्यालाच आहे. एनडीपीएसच्या कलम ५० प्रमाणे अंगझडतीआधी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती मागायचा हक्क संशयिताला सांगावा लागतो. तुमच्या पोरांनी पुडी उचलून व्हिडिओ काढला तर पुरावा बिघडला, खटला पडला, आणि वर घरात घुसल्याची तक्रार तुमच्यावरच.

एनसीबीची, म्हणजे केंद्राच्या अमली पदार्थ नियंत्रण विभागाची, १९३३ ही 'मानस' वाहिनी आहे. मानसिक आरोग्याच्या १४४१६ चं नाव 'टेलिमानस', दोन्हींत घोटाळा करू नका. गोवा पोलिसांचा अमली पदार्थविरोधी विभागही आहे. माहिती देणाऱ्याचं नाव सांगायची सक्ती अधिकाऱ्यावर करता येत नाही, हे कलम ६८ आहे. 'तिथे सगळं चालतं' हे निरुपयोगी. कोणता वार, किती ते किती वाजता, कोणत्या दाराने, किती वेळ थांबून लोक परत जातात, कोणत्या रंगाची स्कूटर आणि तिचा क्रमांक, एवढं दोन आठवडे वहीत उतरवा, लांबून. घरमालक गावचाच असेल तर आधी पंचाला बरोबर घेऊन त्याच्याशी बोला. जाणूनबुजून जागा वापरू देणं कलम २५ खाली गुन्हा आहे, आणि हे कळलं की बरेच मालक महिन्याच्या आत खोली रिकामी करून घेतात. भाडेकरूची माहिती पोलीस चौकीत भरली होती का हेही त्याला विचारा. तक्रारीची प्रत वाड्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. त्या ग्रुपमध्ये तो भाडेकरू नसेल, पण त्याचं गिऱ्हाईक असतं.